नजर तुझी, हात माझा

६ जानेवारी २०२५, सोमवार. वरसे, रोहा.

आज आलेलं: टेम्पोनं पेणहून दोन कपाटं, एक कॉट, भांड्यांची तीन पोती, शिलाई मशीन. टेम्पोभाडं १८००. हमालांचा चहा-वडापाव ९०. शून्य नंबरचे ब्रश तीन, १३५. देव्हारा मांडीवर धरून आणला, त्याला भाडं नाही. घराचं डिपॉझिट मालकीणबाई नको म्हणाल्या. हिशेबाच्या वहीत एवढं सुंदर शून्य मी पहिल्यांदाच लिहिलं.

वहीची मागची पानं कोरी आहेत. वाया घालवण्यापेक्षा रोज चार ओळी लिहीन म्हणते.

आमचे हे, पुंडलिक (नाव घ्यायचं नसतं, लिहायला हरकत नाही), इकडच्या कंपनीत शिफ्टला आहेत. पेणहून जाऊन-येऊन दमायचे म्हणून बिऱ्हाड हलवलं. मी हौसा, दहावी पास. पण माझं खरं शिक्षण पेणला गणपतीच्या कारखान्यात झालं. तीस वर्षं मी आणि धाकटी बहीण जनी (पेणजवळच्या जिते गावात दिलेली), दोघींनी फक्त देवाचे डोळे काढले. त्याला आखणी म्हणतात. रंग कुणीही देतं, आखणीला हात लागतो. शेठ म्हणालेत, फेब्रुवारीच्या मध्यावर तीनशे लहान मूर्ती टेम्पोनं इकडे पाठवतो, घरी बसून डोळे काढ. म्हणजे गाव सुटलं तरी काम सुटलं नाही. बाप्पानं माझे डोळे तेवढे शाबूत ठेवावेत, बाकीचं मी बघून घेईन.

बाहेरच्या खोलीत मालकीणबाईंच्या मिस्टरांचा फोटो आहे, चंदनी हार घातलेला. काढू नकोस, पुसत मात्र जा, असं त्यांनी बजावलंय. हे म्हणाले, चला, घरात अजून एक बाप्या, आणि हा चहा मागत नाही.

८ जानेवारी, बुधवार.

मालकीण गोदूबाई शेजारच्याच दोन खोल्यांत राहतात. सत्तरीच्या पुढे. वीस वर्षं झाली, दिसत नाही. दिवसभर ओट्यावर बसून असतात आणि तालुक्यात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगतात. आज म्हणाल्या, निडीच्या सीताबाईची सून साखरेचा डबा पिठाच्या मागं लपवते गो, सासूला चहात साखर नाय देत. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं. तर म्हणाल्या, सांगायला कशाला लागतं.

त्यांचे मिस्टर त्र्यंबक फोटोग्राफर होते. बोलतानासुद्धा डावा डोळा मिटून बोलायचे, कॅमेऱ्याची सवय. त्या काळी मिठागरातल्या माणसांचा जिवंतपणी कोण फोटो काढतंय. माणूस गेलं की मग ह्यांना बोलावणं यायचं. गेलेल्याला भिंतीला टेकवून बसवायचं, टोपी घालायची, फोटो घ्यायचा. डोळे मिटलेले असायचेच. मग कागदावर उघडे डोळे ब्रशनं काढायचे. कुणाचे बघून, असं मी विचारलं, कारण हा प्रश्न मला पडणारच. गोदूबाई म्हणाल्या, माझे. समोर बसवायचे मला. घरचे डोळे, फुकटचे. वीस गावातले मेलेले माझ्या डोळ्यांनी बघतात गो.

हसल्या. मीही हसले.

१२ जानेवारी, रविवार.

निडीच्या सीताबाई आल्या होत्या. नवऱ्याचा फोटो पदराखाली झाकून आणलेला. ओल लागून डोळे उतरत आलेत, नुसते दोन फिकट डाग. त्र्यंबकभाऊ गेले, आता कोण करणार, असं म्हणत होत्या. गोदूबाई म्हणाल्या, ही हाय ना पेणची, देवाचे डोळे काढते, माणसाचे काय अवघड.

मी काढले. तासाभरात झाले. सीताबाई बघतच राहिल्या. दोन नारळ आणि सुकट देऊन गेल्या. बातमी फिरायला वेळ लागत नाही, तिन्हीसांजेपर्यंत आणखी चार फ्रेमा आल्या. गोदूबाईंनी भिंतीवरचे त्र्यंबकभाऊही उतरवायला लावले. त्यांनी स्वतःचा फोटो टायमर लावून घेतला होता आणि नेमका डोळा मिटला होता. जन्मभर दुसऱ्यांना डोळे उघडा म्हणणारा माणूस. त्यावरही बायकोचेच डोळे काढले होते, तेही उतरले होते. मिळून सहा जोड्या झाल्या. हात अजून चालतो.

एक लिहून ठेवते. ज्या दादांनी आम्हा बहिणींना आखणी शिकवली त्यांचा नियम होता. बुबुळात शेवटचा पांढरा ठिपका ठेवला की मान वळवायची आणि हळू म्हणायचं, नजर तुझी, हात माझा. नाहीतर काढणारीची नजर आत राहते. तीस वर्षांत मी एकदाही चुकले नाही. आज म्हटलं नाही. विसरले नव्हते. हे शब्द देवासाठी असतात, कुणा मिठागरवाल्याच्या फोटोसाठी कसे वापरायचे, असं वाटलं.

१७ जानेवारी, शुक्रवार. संकष्टी.

शेठचे पैसे बँकेत यायला हवेत म्हणून खातं उघडायचं, त्याला पासपोर्ट फोटो लागतो. रोह्याच्या बाजारात रितेश म्हणून मुलगा आहे, त्याच्याकडे गेले. चार वेळा काढला, चारही वेळा डोळे मिटलेले. तो म्हणाला, मावशी, झोप घरी जाऊन काढा. मी म्हटलं, अरे टक्क उघडे ठेवलेत. त्यानं पडद्यावर दाखवलं. मी शांत झोपल्यासारखी. शेवटी कंटाळून त्यानं तसेच आठ छापून दिले, उपास आहे ना तुमचा, त्यानं होत असेल म्हणाला. बँकेनं परत पाठवले. टाकून काय द्यायचे, वहीत ठेवलेत.

घरी येऊन सगळे जुने फोटो काढून बसले. माझा एकटीचा असा फोटोच नाही. लग्नातल्या फोटोत मान खाली. बारशाच्या फोटोत मी मागे, कुणाच्या तरी खांद्याआड. देवाचे हजारो डोळे काढले, आपले कसे आहेत ते कधी नीट पाहिलं नाही. मग ह्यांचा मोबाइल घेऊन अंगणात ऊन तोंडावर घेऊन उभी राहिले आणि स्वतःचा फोटो काढला. नऊ काढले. नऊच्या नऊ मिटलेले.

गोदूबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. खडे वेगळे काढत होत्या. मी बघत उभी राहिले. बोटांनी कळत असेल.

२१ जानेवारी, मंगळवार.

सकाळी भाकरी थापताना परात दिसेनाशी झाली. अंधार नाही, दुसरं काहीतरी दिसलं. वरून दिसत होतं, भिंतीवर चढून बघावं तसं. कुणाचं तरी स्वयंपाकघर, निळे डबे. एक तरुण बाई पिठाच्या डब्यामागे साखर सारत होती. वरच्या कडेला नजरेला आडवी अशी मण्यांची ओळ. चंदनाचे मणी.

हाताला तवा लागला तेव्हा परत आपल्या घरात आले. भाकरी करपली. ती मीच खाल्ली.

अशक्तपणा असेल. संकष्टीला नुसतं पाणी घेतलं होतं.

२५ जानेवारी, शनिवार.

अशक्तपणा नाही. सहा घरं आहेत. मोजलीत. निडीचं सीताबाईंचं. दोन मिठागराकडची, एकात म्हातारा दिवसभर खोकतो. एक दुकान. एका घरात फोटो माळ्यावर टाकलाय, तिथे नुसते वासे दिसतात आणि उंदीर. आणि सहावं आमचंच, बाहेरची खोली, वरून. त्यात मी दिसते. माझा भांग किती रुंद झालाय ते मला आज कळलं.

एक घर दिसतं तेवढा वेळ माझं मला दिसत नाही. रोज थोडा जास्त वेळ.

डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. तपासून म्हणाला, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत. फी घेतली. हे म्हणाले, जागा बदलली की होतं, ग्रामदैवत धावीर महाराजांना नारळ देऊन येऊ. दिला.

मग मी निडीला गेले. सीताबाईंना म्हटलं, तेवढी फ्रेम परत द्या, थोडी दुरुस्ती राहिलीय. त्यांनी फ्रेमेवर हात ठेवला. म्हणाल्या, नाय गो बाय. चाळीस वर्षं संसार केला, कधी तोंडाकडं पाहिलं नाय ह्या माणसानं. आता कुठं बघायला लागलाय. किती मायेनं बघतो बघ.

मी वर पाहिलं. माझे डोळे होते. माणसाला आपले डोळे ओळखू येत नसतील असं वाटलं होतं. येतात.

 येताना सुनेला सांगितलं, साखर पुढं ठेव, वर बघणारं कुणीतरी हाय. तिचं तोंड पांढरं पडलं.

२९ जानेवारी, बुधवार.

गोदूबाईंनी आज सुईत दोरा ओवला. एका फटक्यात.

मी समोर जाऊन बसले आणि सरळ विचारलं. त्यांनीही लपवलं नाही. म्हणाल्या, वीस वर्षं मी भिंतींवरून बघितलं हौसे. लोकांची भांडणं, बाळंतपणं, चोऱ्या. माझा स्वतःचा उंबरा मात्र मला दिसला नाय. तू ह्यांच्या फोटोवर तुझे डोळे काढलेस, माझे मला परत आले. डिपॉझिट का घेतलं नाय असं तुला वाटलं? मी तुझी वाट बघत होते, पेणची आखणीवाली कधी येईल म्हणून.

 त्याच पुढे म्हणाल्या, यात वाईट काय गो, तूही सुटशील. तुझा मिटल्या डोळ्यांचा फोटो हाय ना, तो दुसऱ्या हातानं उघडला पायजे. आखणीच्या हातानं, मायेनं. तुझी बहीण हाय ना जित्याला. तिला दे. ती काढील, तुझे डोळे तुला परत येतील.

मी विचारलं, आणि तिचे?

गोदूबाई दोऱ्याला गाठ मारत बसल्या.

मी उठून आले. जनीला मुलं वाढवायची आहेत, तिच्या हातावर घर आहे. माझ्या पाठची बहीण आहे ती, तिला मी माझ्या जागी देणार नाही. मी हे घरही सोडणार नाही. चूक मी केली आहे, दुरुस्त मीच करीन. तीस वर्षं ज्याचे डोळे उघडले तो आंधळा झालेला नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार. माघी गणपती.

आज केलं. सकाळी पूजा झाली, नैवेद्य झाला. हे पहिल्या शिफ्टला गेले. बाकी पाच फ्रेमा लोक देत नाहीत, पण सहावी माझ्याच भिंतीवर आहे. त्र्यंबकभाऊंना खाली उतरवलं, हार काढला, आधीचे डोळे पुसून काढले. नवा ब्रश घेतला. परत काढले. शेवटचा ठिपका ठेवला, मान वळवली आणि नीट म्हटलं, नजर तुझी, हात माझा.

फ्रेम परत टांगली.

खोलीत एकदम सगळं थांबल्यासारखं झालं. आणि मग मला कळलं मी काय केलंय. देवाला नजर दिली तर तो उघड्या डोळ्यांनी आपल्याकडे बघतो. मेलेल्याला नजर दिली, तो कुठून बघणार? त्याला तोंड कुठे आहे? तो माझ्याच तोंडातून बघणार.

हात माझा, असंही मीच म्हणाले होते.

३ फेब्रुवारी, सोमवार.

बाकीची पाच घरं बंद झाली. आता एकच दिसतं, हीच खोली, वरून. नजरेवर मण्यांची ओळ. खाली टेबल, टेबलाशी मी. वही माझ्या खांद्यावरून दिसते, लांबून, म्हणून अक्षर मोठं काढतेय. ह्यांना सांगितलं. ते रडले. उद्या पेणला मोठ्या डॉक्टरकडे नेतो म्हणाले. मी म्हटलं, कामाचा खाडा करू नका.

बाप्पाचं नाव घेतलं की हात ऐकतो. थांबलं की —

म्हणून नाव घेत लिहिते.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

दुपारी खालची ती उठली. मी उठले नव्हते. मी नाव घ्यायची थांबले, घसा सुकला म्हणून, तेवढ्यात.

ती खोलीच्या मध्ये उभी राहिली आणि वळून भिंतीकडे बघितलं. माझ्याकडे. माझं तोंड, माझं कुंकू. डावा डोळा मिटलेला. कॅमेऱ्यातून बघावं तसं.

मग हात वर करून तिनं माझ्या हनुवटीकडे बोट केलं. थोडी वर, असं. फोटोवाले करतात तसं.

मी हनुवटी वर केली नाही. काचेतून त्याच्याकडे टक लावून बघत राहिले. म्हटलं, बघ. तीस वर्षं मी डोळे काढले, तू माझ्याशी टक लावून कितीसा टिकणार आहेस. त्यानंच आधी नजर वळवली.

हे लिहून ठेवते. त्यानंच वळवली.

५ फेब्रुवारी, बुधवार.

हे कामावर. गोदूबाई आल्या, काठीशिवाय. खालच्या तिच्याशी बोलत होत्या, तिला अहो म्हणत होत्या, आणि रडत होत्या —

तिनं वही उघडली. फोटो काढला, आठातला एक. माझा, मिटलेला. शून्य नंबरचा ब्रश. दोन्ही एका पाकिटात. वर जनीचं नाव. जिते. माझ्याच अक्षरात. आत चिठ्ठीही माझ्याच अक्षरात, एवढे डोळे उघडून दे गो, तुझ्यासारखा हात कुणाचा नाही.

मी काचेवर आतून —

गोदूबाई पाकीट घेऊन गेल्या. जाताना वर बघून म्हणाल्या, तुझ्याच भल्यासाठी गो. वीस वर्षं ओट्यावरून खाली न उतरलेली बाई पोस्टापर्यंत चालत गेली.

त्याला मी सुटायला नको आहे. मी सुटले तर त्याचं तोंड जाईल. मग पाकीट का? — कळलं. त्याला पुढचं तोंड हवंय, जनीचं. गोदूबाई समजतात तसं माझ्या भल्यासाठी नाही. कॅमेऱ्यापुढे बसवायला नेहमी कुणीतरी हवं असतं त्याला.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

जनी,

हे पान वहीतून फाडून पाठवतेय. ह्यांच्या डब्याच्या पिशवीत घालीन, ते कंपनीच्या वाटेवर पेटीत टाकतील. फोन करत नाही, तुझा फोन थोरला साहिल कामाला नेतो, आणि इथे ओट्यावर कान आहेत. अक्षर वाकडं दिसेल. मी लांबून लिहितेय. वाकडं आहे म्हणूनच ते माझं आहे. पाकिटातलं सरळ असेल, ते खरं मानू नकोस.

तुझ्याकडे माझा फोटो येईल. डोळे मिटलेला. तुला वाईट वाटेल. ब्रश हातात घ्यावासा वाटेल. घेऊ नकोस. कितीही माया आली तरी. तो फोटो देव्हाऱ्यातल्या बाप्पाच्या पायाखाली पालथा ठेव. मी मिटलेली राहिले तरी चालेल. मी इथे ठीक आहे, भिंतीवर. मी बघतेय, आणि माझ्या मर्जीनं बघतेय. त्याला रोज हरवते. शेठना सांग, यंदाच्या तीनशे मूर्ती तू कर. शेवटचा ठिपका ठेवशील तेव्हा शब्द म्हणायला विसरू नकोस —

तुझ्या लग्नातला एक फोटो आहे बघ, तुझ्या ट्रंकेत, त्यात मी तुझ्या मागे उभी आहे. तो काढून बघ. त्यातले माझे डोळे उघडे असतील तर अजून वेळ आहे. आणि दारात कुणी आलं, माझंच तोंड, माझंच कुंकू, तर आधी तिचा डावा डोळा बघ. मिटत असेल तर दार —

गणपती, गणपती, गणपती. हात चालू दे.

ती उठू बघतेय. इकडे वळतेय. वाचतेय, माझ्याच हाताखालचं —

जनी, पाकीट आलं का. तू उघडलंस का. उलट टपाली कळव, नुसतं एवढंच लिही, की ब्रश कोरडा आहे, की तू अजून त्या फोटोच्या डाव्या डोळ्याला हात —